एक बोट गारवा

सांगलीत विश्रामबागच्या सिग्नलला माझ्या स्कूटरशेजारी एक पांढरी गाडी येऊन थांबली, तिची काच खाली झाली आणि आतल्या माणसानं विचारलं, ताई, गणपती मंदिराकडं कुठनं जायचं. एवढंच झालं. मे महिन्याचं ऊन, चपलेला डांबर चिकटेल असा रस्ता, आणि त्या काचेतून एसीची हवा बाहेर आली ती सरळ माझ्या उजव्या गालावर. तोंडाला स्कार्फ होता, तोही दुहेरी गुंडाळलेला, पण नाकाच्या कडेला जी फट राहते तिथून ती आत शिरली. त्या माणसाला ती हवा म्हणजे काहीच नव्हती, तो तिच्यात आरामात बसून कुठून तरी लांबून आला होता. माझ्या मात्र ओठाच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत शिवणयंत्राची सुई धावत गेली. गेली, परत आली, परत गेली. अशा वेळी बोलता येत नाही. जीभ नुसती हलवली तरी सुई पुन्हा सुरू होते. मी हँडल घट्ट धरून, डोळे मिटून, त्याच्याकडे तोंड करून तशीच बसून राहिले. त्यानं परत विचारलं. मग म्हणाला, "बोलता येत न्हाई व्हय?" आणि काच वर गेली. सिग्नल सुटला, मागून हॉर्न सुरू झाले, कुणीतरी जाता जाता बायकांच्या हातात गाड्या देणाऱ्यांचा उद्धार केला. मला त्या सगळ्यांना खाली पाडून तुडवावंसं वाटलं. प्रत्यक्षात मी पायानं ढकलत ढकलत स्कूटर कडेला घेतली आणि एका बंद दुकानाच्या शटरला टेकून उभी राहिले.

पर्समध्ये फोन वाजत होता. सम्मेदचा असणार. सम्मेद माझा नवरा. घरात मी त्याला अहो म्हणते, डोक्यात अरे म्हणते. फोन उचलला तर विचारणार, कुठं पोचलीस, डीलर येऊन बसलेत, अण्णा दोनदा विचारून गेले. अण्णा म्हणजे सासरे, रायगोंडा पाटील, आणि कुपवाडच्या एमआयडीसीतली आमची शेड म्हणजे अव्वा बामची शेड. सांगली, मिरज, जत, पलीकडं अथणीपर्यंत कुठल्याही मेडिकलात जा, काउंटरवर ती हिरव्या झाकणाची छोटी बाटली दिसणारच, वर डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी छापलेली. ती अण्णांची आई, अव्वा. चुलीवर मेण वितळवून त्यात कापूर, निलगिरीचं तेल आणि पुदिन्याचं फूल घालून तिनं पहिला बाम केला आणि गावात वाटला. पुदिन्याचं फूल म्हणजे मेंथॉल, काचेच्या सुयांसारखे खडे असतात, बरणी उघडली की डोळ्यांना झोंबतात. आणि अव्वाचा एक नेम होता. जे आपल्या लेकीसुनेच्या तोंडाला लावणार न्हाई ते लोकांला विकायचं न्हाई. नवीन बॅच निघाली की पहिलं बोट घरच्या सुनेच्या गालाला. आधी अव्वा सासूबाईंना लावायची, अव्वा गेल्यावर अण्णा लावायला लागले, आणि मी लग्न होऊन आले तसा तो मान माझ्याकडं आला. मान! नेम चांगला आहे, हेच तर माझं दुखणं आहे. वाईट असता तर एक सणसणीत शिवी हासडून मी मोकळी झाले असते. आज पावसाळ्यातल्या विक्रीची मोठी बॅच निघाली होती, बाहेरगावचे डीलर बोलावले होते, आणि त्यांच्यासमोर अण्णांचं बोट माझ्या गालाला लागायचं होतं. गाडीच्या काचेतून आलेल्या हवेनं ही गत, आणि मी स्वतःच्या पायानं, स्वतःच्या पेट्रोलनं, त्या बोटाकडं निघाले होते.

सम्मेद सकाळी चहा घेताना म्हणाला होता, "एका बोटाचं तर असतंय, चंदना. एवढ्या बारीला होऊ दे. पुढच्या बॅचला मी अण्णांशी बोलतो." एका बोटाचं. हे वाक्य सकाळपासून माझ्या डोक्यात जाऊन बसलंय. त्याचं ते बोलणं गोड होतं, त्यानं माझ्यासाठी बशीत चहा ओतून कोमट करून दिला होता, कारण गरम चालतं आणि गार चालत नाही एवढं त्याला माहीत आहे. म्हणजे माणूस वाईट नाही. आमच्या घरात कोणीच वाईट नाही. एवढी चांगली माणसं एका ठिकाणी जमली की त्यांच्यात एकट्या बाईनं ओरडायचं कुणाच्या नावानं?

आमच्या बामचं एक कॅलेंडर आहे. त्यावर माझा फोटो आहे. अण्णांचं बोट माझ्या गालावर, मी हसतेय, मागं पितळी पातेलं आणि फुलांच्या माळा. डीलरांना तो फोटो फार आवडला, म्हणून दरवर्षी तोच छापतात. मेडिकलवाले ओळखतात मला त्याच्यावरून, काय वहिनी, कॅलेंडरवाल्या. तो फोटो ज्या क्षणी काढला त्या क्षणी सुई माझ्या वरच्या हिरडीतून डोळ्याखाली गेली होती. ओठ जे ताणले गेलेत ते त्यामुळं. दात जे दिसतायत ते मी आवळून धरलेले दात आहेत. फोटोग्राफर म्हणाला होता, वा, एकदम नॅचरल. जतच्या कुठल्याशा दुकानात माझं कळवळणं भिंतीला टांगलंय आणि लोक त्याच्याखाली उभे राहून खोकल्याचं औषध घेतात. फोटो काढून झाल्यावर मी काय केलं? नेहमी करते तेच. देवाला निघाल्यासारखी शांत चालत शेडच्या मागच्या न्हाणीत गेले, कडी लावली, पदर तोंडात कोंबला आणि भिंतीला डोकं टेकून संपायची वाट बघितली. मग कोमट पाण्यानं, साबणानं, कापसानं हळूहळू ते पुसून काढलं. बाहेर आले तेव्हा पेढे वाटणं सुरू होतं. एकालाही काही दिसलं नाही. इतकं नीट लपवायला मला कुणी शिकवलं, हे मी आठवायला गेले तर आईपासून आत्यापर्यंत सगळ्या बायका डोळ्यांपुढं येतात, पोट धरून भाकऱ्या थापणाऱ्या, ताप अंगावर घेऊन पाहुण्यांना वाढणाऱ्या, आणि त्यांच्याबद्दल कौतुकानं बोलणारे पुरुष. सोशीक आहे हो. या शब्दाइतका मला कुठल्याच शब्दाचा राग येत नाही.

सुरुवात दातानं झाली. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. पेरू खाताना एकदा, मग दात घासताना, मग नुसता पंख्याखाली बसल्यावर. सांगलीतल्या एका दातांच्या डॉक्टरकडं गेलो. त्यानं आरसा घातला, टकटक केलं, फोटो काढला आणि दाढ काढून टाकू म्हणाला. काढली. ती ट्रेमध्ये पडली होती, पांढरीशुभ्र, मुळासकट धडधाकट, आणि त्यानं ती चिमट्यात धरून उजेडाकडं नेली आणि म्हणाला, तशी चांगलीच होती. तशी चांगलीच होती! हे त्यानं आधी बघायला नको होतं? मी तोंडात बोळा घेऊन त्याच्याकडं बघत राहिले. दुखणं महिनाभर दबलं, मग परत आलं, मग तिच्या शेजारची दाढ गेली. तीही तशी चांगलीच असणार, मी विचारलं नाही. त्यानंतर एकदा कूलरसमोरून जाताना मी मटकन खाली बसले, तर सम्मेद म्हणाला, "आता दाढच न्हाई तिथं, तर दुखतंय काय?" तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच प्रश्न पडला होता. त्याच्या जागी मी असते तर मलाही पडला असता. जिथं काही नाही तिथं दुखतंय असं म्हणणाऱ्या बाईचं काय करायचं? मग हळूहळू घरात एक सूर आला. बाटल्या भरायच्या खोलीत काम करायला नको म्हणून असेल. माहेरची आठवण येत असेल. सासूबाई कुणाला तरी फोनवर सांगत होत्या, आमच्या सुनंला जरा नाजूकपणा हाय. मी, लोणंदच्या कांदा मार्केटात बापाबरोबर पोत्यांवर बसून लहानाची मोठी झालेली, आणि मला नाजूकपणा.

त्याच सासूबाई रोज संध्याकाळी, दिवेलागणीच्या आत जेवणं उरकली की मला बोलवायच्या. ये, बस. आपल्या मांडीवर माझं डोकं घ्यायच्या आणि गालाला बाम चोळायच्या. आता हे कुणाला कसं सांगायचं? त्यांचे हात मऊ आहेत, त्या चोळताना णमोकार मंत्र म्हणतात, मधेच थांबून माझे केस मागं सारतात. माझ्या आईनंही माझं इतकं केलं नसेल. आणि त्यांचं बोट गालाला लागलं की पहिले काही क्षण नुसता वास, मग त्या वासामागून गारवा यायचा, पसरत, रुंद होत, आणि त्या गारव्याच्या आतून सुई. मी त्यांच्या मांडीवर पडून त्यांच्या लुगड्याची किनार मुठीत आवळायची. त्या म्हणायच्या, दुखणं बाहेर पडायलंय, पडू दे. आणखी लावायच्या. मायेवर ओरडता येत नाही. शत्रूनं गालावर निखारा ठेवला तर माणूस त्याचा हात तोडेल, पण मांडीवर घेऊन ठेवला तर काय करायचं? मी थँक्यू म्हणायची. खरंच, आई, बरं वाटलं म्हणायची. त्या खूश होऊन बाटली माझ्या उशाशी ठेवून जायच्या.

शटरला टेकून उभी होते तिथं समोर एक ज्यूसवाला होता. बर्फाची लादी गोणपाटाखाली, आणि तो हातोड्यानं तिचे तुकडे पाडत होता. दोन कॉलेजच्या पोरी बर्फ चोखत उभ्या होत्या, गालाला लावत होत्या, खिदळत होत्या. मला गारव्याचा इतका हावरेपणा होता की विचारू नका. शाळेत असताना डिसेंबरात आम्ही पाचगणीला गेलो होतो. एसटीची खिडकीची जागा मी भांडून घेतली आणि वाईचा घाट सुरू झाल्यावर तोंड बाहेर काढलं. वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी, नाक लाल, गाल बधिर. आई आतून फ्रॉकला धरून ओढतेय, कार्टे, न्युमोनिया होईल. मी तोंड उघडून तो वारा खाल्ला. गालाला गाल लावावा तसा तो लागत होता. त्या दिवसाचं बाकी काही आठवत नाही, ना देखावा, ना टेबललँड, पण तो वारा अजून गालाला आठवतो. आणि हाच गाल. तीच कातडी. माझ्या आवडीच्या गोष्टीलाच माझ्यावर सोडलंय, याचा मला इतका संताप येतो की त्या ज्यूसवाल्याची लादी उचलून रस्त्यावर आपटावी.

माझ्या भावानं, विश्वजितनं, मला साताऱ्याला नेलं. माघ महिन्यात मी चार दिवस लोणंदला गेले होते. तिथं सकाळी अंगणात तोंड धुताना कळ आली आणि ती त्यानं पाहिली. म्हणजे न्हाणीत नव्हते, कडी नव्हती, म्हणून दिसलं. त्यानं लगेच गाडी काढली. साताऱ्यात मेंदूची एक डॉक्टर आहे, क्रांती नाव, माझ्यापेक्षा लहान असेल. तिनं आधी गालाला कापूस लावला, मग एक लोखंडी चिमटा गार पाण्यात बुडवून नुसता टेकवला, आणि मी टेबलाची कड धरून वाकले तशी लगेच बाजूला घेतला. सॉरी म्हणाली. इतक्या वर्षांत माझ्या गालाला सॉरी म्हणणारी पहिली बाई. मग विचारलं, याला काय लावता? आता आमच्या घरची रीत अशी की कुणाकडंही जाताना अव्वा बामची बाटली न्यायची, रिकाम्या हातानं जायचं नाही. सासूबाईंनी लोणंदला निघतानाच दोन-चार बाटल्या पर्समध्ये घालून दिल्या होत्या. मी त्यातली एक काढून डॉक्टरच्या टेबलावर ठेवली, वर म्हटलं, आमचाच आहे, तुमच्यासाठी. तिनं बाटली फिरवून मागचं बारीक अक्षर वाचलं. बराच वेळ वाचलं. मग विचारलं, किती वेळा लावता? मी म्हटलं, रोज. आणि बॅच निघाली की जास्तीचं.

तिनं मला जे सांगितलं ते मी तिथंच पाठ केलं. ती म्हणाली, थंडी कातडीला कळत नाही, कातडीत नसांची बारीक टोकं असतात त्यांना कळते. त्या टोकांना दारं असतात. हवा गार झाली की ठरावीक दार उघडतं आणि मेंदूला निरोप जातो, गार आहे. मेंथॉल गार नसतं, पण त्यानं नेमकं तेच दार उघडतं. म्हणून बाम लावला की गार वाटतं. चांगल्या नसेला तो नुसता गारवा, बाकीचं दुखणं विसरायला लावणारा. पण तुमच्या चेहऱ्याच्या नसेला आत एक रक्तवाहिनी टेकलीय, त्यानं नसेचं वरचं आवरण झिजलंय. अशा नसेची दारं जरा धक्का लागला की उघडतात, लवकर मिटत नाहीत, आणि गारव्याचा निरोप दुखण्याचा होऊन जातो. तुम्हाला वाऱ्याची झुळूक आणि हे, तिनं बाटलीवर नख वाजवलं, एकच आहे. मी विचारलं, म्हणजे बामनंच झालं ना हे? माझा आवाज चढला होता. ती म्हणाली, नाही, बामनं झालं असं मी म्हणणार नाही. बामनं उठतं. मला तिचा राग आला. मला कुणीतरी हवं होतं ज्याच्या अंगावर हे सगळं टाकता येईल, आणि ही बाई प्रामाणिकपणे नाही म्हणत होती. विश्वजित शेजारी मान खाली घालून बसला होता. गोळ्या दिल्या, दाढा काढू नका म्हणाली, आणि उद्यापासून या चेहऱ्याला हे लागता कामा नये. मी हसले. उजवीकडून हसता येत नाही, तर डावीकडून हसले.

घरी येऊन सांगितलं. जेवणं झाल्यावर, सगळे बसलेले असताना, जसंच्या तसं, टोकं, दारं, निरोप. माझं बोलून झाल्यावर सासूबाई आपल्या हाताच्या तळव्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, इतकी वर्षं माझ्या गालाला लागला, मला कवा काय झालं न्हाई. अण्णांना राग आला नाही, ते दुखावले, आणि आमच्या घरात दुखावलेल्या अण्णांपुढं कुणाचंच दुखणं टिकत नाही. म्हणाले, आमच्या बामनं लोकं बरी हुत्यात, बाळ, आणि घरच्या लक्ष्मीला त्यो बाधतोय म्हणून बाजारात कळलं तर? मग म्हणाले, डॉक्टर लोकांला गोळ्या खपवायच्या असत्यात. विषय संपला. सासूबाईंनी त्या संध्याकाळपासून मला मांडीवर बोलावणं बंद केलं, तेही मला लागलं, बघा माझं. पण बॅचचं बोट बंद झालं नाही. त्यानंतर मधे एक लहान बॅच निघाली होती, तेव्हाही लागलं, तेव्हाही मी न्हाणीत गेले. गोळ्यांनी झोप येते, शब्द सापडत नाहीत, चमचा म्हणायचं तर झारा म्हणते, आणि तेवढ्यावर लोक म्हणतात, बघा, औषधानं कशी झालीय.

फोन परत वाजला. उचलला. सम्मेद म्हणाला, कुठं आहेस, सगळे थांबलेत. मी हं म्हटलं. बरी आहेस ना, म्हणाला. मी परत हं म्हटलं. स्कूटर सुरू केली, स्कार्फ आणखी आवळला आणि निघाले. कुपवाडच्या रस्त्याला गरम वारा होता, भट्टीचा वास, पत्र्यांचा खडखडाट, शिफ्ट सुटलेले लोक डबे लटकवून गाड्यांवर. गरम वाऱ्यानं मला काही होत नाही. त्या वाऱ्यात मी स्वतःशी भांडत चालले होते. परत जा म्हणत होते. पलूसच्या फाट्यानं सरळ लोणंद गाठ म्हणत होते. मग काय होईल? सून पळाली म्हणतील, नाजूक म्हणतील, आणि दुखलं होतं हे कुणालाच कधी कळणार नाही. सगळं न्हाणीच्या भिंतीला माहीत. इतकी वर्षं मी त्यांना एक गोष्ट तोंडानं सांगत होते आणि चेहऱ्यानं दुसरी. तोंड म्हणत होतं दुखतंय, चेहरा कॅलेंडरवर हसत होता. मग त्यांनी चेहऱ्यावर विश्वास ठेवला तर त्यांचं काय चुकलं? हा विचार आला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. चुकलं! त्यांचंच चुकलं! बाईनं सांगितलेलं पुरत नाही का? तिला रक्त दाखवावं लागतं का? रक्तच हवंय ना? दाखवते.

शेडच्या दाराशी रांगोळी होती. आत डीलर खुर्च्यांवर बसले होते, त्यांच्यासाठी मोठा कूलर लावला होता. मी त्याला वळसा घालून भिंतीकडून गेले. मधे पातेलं, त्यात नवीन बाम, वर साय धरल्यासारखा, वास असा की डीलरसुद्धा डोळे पुसत होते. सासूबाई हातात ताट घेऊन उभ्या. सम्मेद माझ्याकडं बघून ओशाळं हसला. णमोकार झाला. सगळे उठून उभे राहिले, अण्णा पुढं आले, पांढरा नेहरू शर्ट, हात धुऊन पुसलेले. स्कार्फ काढ, बाळ, म्हणाले. मी सोडला. गालाला शेडमधली हवा लागली आणि आत काहीतरी सावध झालं. अण्णांनी बोट पातेल्यात बुडवलं. तेव्हा मी बोलले. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "लावा, अण्णा. पण आज मी मागं जाणार नाही. इथंच उभी राहणार आहे. तुम्ही पण सगळे थांबा."

त्यांना कळलं नाही. कुणालाच कळलं नाही. अथणीचा एक डीलर हसलासुद्धा, त्याला वाटलं असेल वहिनींची काही चेष्टा. अण्णांचं बोट हवेत क्षणभर थांबलं, हे मी बघितलं, थांबलं होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग खुर्च्यांकडं बघितलं, आणि लावलं.

वास. मग गारवा. मी हात बांधून घेतले नाहीत, पदर तोंडात घेतला नाही, भिंत शोधली नाही. पहिली सुई आली तेव्हा मान एका बाजूला फेकली गेली. दुसरीला तोंड उघडं पडलं. मी ते मिटलं नाही. लाळ आली, आली तर आली. उजवा डोळा आपोआप बारीक होऊन पाण्यानं भरला, अर्धा चेहरा कुणीतरी मुठीत धरून पिळावा तसा गोळा होत होता, मला तो दिसत नव्हता पण समोरच्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होता. एक खुर्ची सरकली. सासूबाईंच्या ताटातलं काहीतरी पडलं. माझ्या घशातून एक आवाज निघत होता, मी त्याला कधी भेटले नव्हते, कारण न्हाणीत तो पदरात जायचा. जनावराचा असतो तसा आवाज. मी तो अडवला नाही. इतकी वर्षं जपून ठेवलेला तो सगळा बाहेर काढला, त्या माणसांच्या अंगावर, त्यांच्या माळांवर, त्यांच्या पातेल्यावर. बघा. डोळे भरून बघा. मी खाली बसले नाही.

आणि सम्मेद धावत आला. माझ्या नवऱ्यानं पहिल्यांदा हे असं उघडं बघितलं होतं, त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. येता येता त्यानं टेबलावरची बाटली उचलली, झाकण फेकलं आणि दोन बोटं आत खुपसून भरून काढली. "थांब, थांब, लावतो, आत्ता बरं वाटंल," असं म्हणत तो माझ्या गालाकडं आला. त्याला दुसरं काही येतच नव्हतं. दुखलं की हे लावायचं, एवढंच त्याला जन्मापासून माहीत होतं. मी मागं सरकायला गेले तर पाय हलेनात. त्याची बोटं माझ्या तोंडाजवळ आली आणि तेवढ्यात अण्णांनी त्याचं मनगट पकडलं. म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. सम्मेद ओढत होता, अण्णा सोडत नव्हते. त्यांचा आवाज इतका बारीक होता की पुटपुटल्यासारखा.

"लावू नगंस. नगंस लावू तिला."

आयुष्यभर लावा लावा म्हणून सांगत फिरलेला माणूस. सासूबाई पाण्यात फडकं बुडवून, पाणी कोमट आहे का ते आपल्या गालाला लावून बघून, माझ्याकडं येत होत्या. कळ उतरायला लागली होती, ती तशीच असते, येते तशी जाते. हे शब्द कधी ऐकले तर मी ढसाढसा रडेन असं मला नेहमी वाटायचं, अण्णांच्या पाया पडेन असंही. काही झालं नाही. मला एवढंच दिसलं की या माणसाला दिसत होतं. बोट थांबलं होतं तेव्हाच दिसलं होतं. साताऱ्याहून आल्यावर मी बोलत होते तेव्हाही त्याला ऐकू आलं होतं. आणि राग, जो उतरायला हवा होता, तो आत्ता कुठं नीट उभा राहिला. सासूबाईंचं फडकं मी हातात घेतलं आणि गाल स्वतः पुसला, एकदा, परत एकदा, सगळा बाम निघेपर्यंत. मग जीभ हलते का बघितली. हलत होती.

"मोठ्यानं म्हणा, अण्णा," मी म्हटलं. "मागच्या खुर्च्यांना ऐकू गेलं नाही."

अण्णांनी मान खाली घातली. सम्मेद चंदना, चंदना म्हणत होता. डीलर पायांकडं बघत होते. आणि अण्णा बोलेपर्यंत मी तिथून हलले नाही.